गाव क

"ताई, त्या कुलपाकडे टक लावून ते उघडणार हाय का?"

दिलीपभाऊंनी माझ्या खुर्चीमागून विचारलं. मी खरंच टक लावून बसले होते. पडद्यावर एका इंग्रजी शोधनिबंधाचं नाव होतं, त्याखाली लिहिणाऱ्या दोघांची नावं, त्याखाली सात-आठ ओळींचा सारांश आणि शेजारी एक चिमुकलं पिवळं कुलूप. सारांश मला एव्हाना पाठ झाला होता. विदर्भातल्या चार खेड्यांमधल्या विहिरींचं पाणी, त्यातलं फ्लोराइड आणि त्यानं मुलांच्या हाडांचं काय केलं त्याचा अभ्यास. कुठली चार खेडी, ते मात्र कुलपाच्या पलीकडे होतं.

"पैसे मागते का?" दिलीपभाऊंनी वाकून पाहिलं.

"डॉलर मागतंय. तेही कार्डावरून."

"हात्तीच्या! आपल्या बँकेचं कार्ड आपल्याच मशीनमंदी अटकते. ते अमेरिकेत कुठं चालन?"

बसस्टँडसमोरच्या त्यांच्या नेट कॅफेत पाच मशीन होती आणि त्यातली तीन चालायची. बाहेर परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्या पोरांची रांग लागलेली असायची, आणि मी त्यातली एक खुर्ची अडवून कुलपाकडे बघत बसायची. दिलीपभाऊ भला माणूस, म्हणून त्यांनी मला हाकललं नाही.

ही गोष्ट दोन हजार अकरातली. मी बी.एस्सी. होऊन तालुक्याच्या शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवत होते, म्हणजे तास झाला तर पगार, नाही तर राम राम. घर सावळधऱ्याला. आमच्या गावचा माणूस हसला की ओळखू यायचा, कारण सगळ्यांच्याच दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. बायकांच्या कमरा ऐन चाळिशीत धरायच्या. काही पोरांचे पाय गुडघ्यात आत वळायचे आणि चालताना गुडघ्याला गुडघा घासायचा. लोक म्हणायचे, ही मातीच तशी. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की माती बिचारी निर्दोष आहे, दोष जुन्या विहिरीच्या पाण्याचा आहे.

त्या वर्षी माझ्या दादाची समू चार वर्षांची झाली आणि धावताना पडायला लागली. एका सकाळी वहिनीनं तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि घोटे जुळव म्हणाली. समूचे गुडघे आधी जुळले. घोट्यांमध्ये माझा पंजा सहज मावेल एवढी जागा उरली. वहिनी गिरजा आत्याकडे बघत राहिली, आणि आत्या काठी घेऊन मागच्या दारी निघून गेली.

गिरजा आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तेव्हा पस्तिशीची असेल. तिचे दोन्ही पाय पुरते आत वळलेले, त्यामुळे काठीशिवाय अंगणही ओलांडता येत नसे. लग्न झालं नव्हतं. पाहुणे यायचे, चहा-पोहे खायचे, आत्या आतून बाहेर चालत आली की निरोप पुढून कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. आमच्या घराची चूल तिच्यावर होती, आणि आम्हा सगळ्यांना हसवत ठेवणंही.

डॉक्टरांनी समूला पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "लहान आहे. पाणी बदललं तर पाय पुष्कळसे सरळ होतील. दोन-तीन वर्षांनी आलात तर मात्र मी काही करू शकणार नाही."

पाणी बदला म्हणणं सोपं होतं. दादा सायकलला कॅन बांधून शेजारच्या गावाहून पाणी आणू लागला, पण पोर दिवसभर कुणाच्या घरी काय पिते यावर कोण पहारा ठेवणार? खरा उपाय एकच होता. नदीवरून आमच्या भागात नळयोजना येणार होती, आणि तिच्या गावांच्या यादीत सावळधऱ्याचं नाव नव्हतं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जाऊन देशकर नावाच्या अभियंत्यांना भेटले. माणूस तुसडा नव्हता. त्यांनी बसायला सांगितलं, फाइल काढली आणि माझ्याकडे वळवली.

"मॅडम, तुमच्या गावच्या पाण्याचा रिपोर्ट आहे. पिण्यास योग्य."

"साहेब, हा नमुना भर श्रावणातला आहे, तोही नव्या हातपंपाचा. लोक पितात जुन्या विहिरीचं."

"असेल. पण माझ्याकडे कागद हा आहे. नवे नमुने तिन्ही ऋतूंचे लागतात, त्यात वर्ष जाणार. यादी या महिनाअखेर वर जाते."

"म्हणजे काहीच नाही होणार?"

देशकरांनी चष्मा काढून पुसला. "जुना शास्त्रीय पुरावा असला, छापलेला, तर दीर्घकाळ बाधित गाव म्हणून मी नाव घालू शकतो. आहे असं काही?"

घरी येऊन मी हे रागारागानं सांगत होते, तेव्हा आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "आले होते न वं कोनी तरी."

"कोण आले होते?"

"मी शाळेत होतो तवाची गोष्ट. जीप घेऊन आले होते. एक लंबा मानूस अन् एक चष्म्याची बाई, मद्रासकडचे. आमाले शाळेत बसोलं, पाय मोजले, फोटू काढले. बाटलीत लघवी मागतली! मले तं अशी लाज वाटली. मंग बिस्कुटाचा पुडा देल्ला."

"मग?"

"मंग काय? गेले. हे छापू म्हने. छापलं का सरकारले कळन, अन् कळलं का पानी येईन." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "छापलं असन तं पाय बाप्पा तुह्या त्या नेटवर."

पाहिलं, आणि पहिल्याच दिवशी सापडलं. आत्याच्या शाळेच्या सुमाराचं साल, दोन दाक्षिणात्य नावं, विदर्भातली खेडी. मी इतकी हरखले की दिलीपभाऊंना चहा पाजला. तो चहा मी फार लवकर पाजला.

कुलपाजवळ 'तुमची संस्था निवडा' असं एक बटण होतं. ते दाबलं की अफगाणिस्तानपासून झिंबाब्वेपर्यंतची विद्यापीठं उलगडायची. त्यात आमचं कॉलेज नव्हतं, हे काय सांगायला हवं? दुसऱ्या एका ठिकाणी 'फुकट उतरवून घ्या' असं ठळक लिहिलेलं होतं. तिथं दाबलं तर पडदाभर वजन घटवायच्या गोळ्यांच्या जाहिराती आल्या आणि मशीन बसलं. दिलीपभाऊ दुपारभर ते दुरुस्त करत होते आणि मी शेजारी मान खाली घालून उभी होते. तिसऱ्या ठिकाणी निबंध पूर्णच्या पूर्ण मिळाला, पण तो चीनमधल्या विहिरींचा निघाला. चौथ्या ठिकाणी आमच्या निबंधाचा नुसता दाखला होता: अमुक आणि तमुक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे. असे 'दाखवून दिल्याप्रमाणे' म्हणणारे मला मग ठिकठिकाणी भेटत गेले. कुणी जपानचा, कुणी केनियाचा, कुणी दिल्लीचा. सगळ्या जगाला आमची हाडं माहीत होती. फक्त ज्यांची हाडं होती त्यांना ते वाचता येत नव्हतं. आमच्याकडे म्हणतात, आपलीच मोरी अन् मुतायची चोरी. मी मास्तरीण असूनही ही म्हण त्या दिवसांत कॅफेत मोठ्यानं म्हटलेली आहे, आणि फॉर्म भरणारी पोरं माना वळवून बघत राहिली होती.

मग मी माझ्या जुन्या कॉलेजात बोबडे सरांकडे गेले. सर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख, नावापुढे डॉक्टर लावणारे.

"सर, तुमच्याकडे काही लॉगिन वगैरे असेल तर—"

सर खदखदून हसले. "अगं, ते नियतकालिक आपल्या लायब्ररीनं कधी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेलं नाही. खरं सांगू का? मी अख्खी पीएच.डी. सारांशांवर केली."

"म्हणजे निबंध न वाचता?"

"सारांश वाचून! मग मागच्या यादीत नाव घालायचं. सगळे तेच करतात. तूही सारांशाची प्रिंट काढ आणि दे साहेबाला. तो काय वाचणार आहे?"

"त्यात गावाचं नाव नाही ना, सर."

सरांनी डोकं खाजवलं. आपण थट्टा करतोय आणि ही पोरगी रडायच्या बेताला आली आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "मग असं कर," ते म्हणाले, "लिहिणाऱ्यालाच पत्र टाक. त्याच्याकडे प्रत असतेच. आणि निबंध लिहिणाऱ्याला जन्मात कुणी वाचक पत्र पाठवत नाही. खूश होऊन देईल."

सरांच्या सगळ्या शिकवण्यात मला सर्वांत उपयोगी पडली ती ही एवढीच गोष्ट.

पहिल्या लेखकाला पाठवलेलं ईमेल परत आलं. शोधलं तर त्यांच्या संस्थेनं वाहिलेली श्रद्धांजली सापडली. दुसऱ्या लेखिका डॉ. शांता नटराजन. त्या निवृत्त झालेल्या, आणि कोइंबतूरच्या कुठल्याशा शाळेच्या विश्वस्तांच्या यादीत त्यांचा पत्ता मिळाला. मी इंग्रजीत पत्र लिहिलं. पहिल्या खेपेला त्यात राग फार झाला, तो काढला. दुसऱ्या खेपेला लाचारी फार झाली, तीही काढली. जे उरलं ते पाठवून दिलं.

त्यानंतर शाळा सुटली की मी कॅफेत. काही दिवसांनी दिलीपभाऊ मला दारातच सांगू लागले, "नाई आलं, ताई." त्यांना माझा पासवर्डही माहीत झाला होता. इकडे महिना संपत आला होता. समू अंगणात पडायची, उठायची, स्वतःच धूळ झटकायची, आणि वहिनी प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहायची. मला तिच्यासमोर जेवण जात नव्हतं.

आणि एका दुपारी दिलीपभाऊ रस्त्यावरच हात हलवत उभे. "आलं न ताई! कोइंबतूर!"

शांताबाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'तुमच्या भागातून मला आजवर कुणीच लिहिलं नव्हतं. ट्रंकेत एक प्रत होती, ती शेजाऱ्यांकडून स्कॅन करून घेतली, वाचा.' खाली जोडलेली फाइल. ती उतरता उतरता वीज गेली. वीज आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून उतरवायला लागली. प्रिंटरची शाई संपत आलेली, त्यामुळे पानं कुठे फिकी, कुठे डागाळलेली आली. मी ती पानं उभ्या उभ्याच वाचायला लागले.

गाव ए, गाव बी, गाव सी, गाव डी. मी मनातल्या मनात मराठी केलं: गाव अ, गाव ब, गाव क, गाव ड. गाव क सर्वांत जास्त बाधित. गाव क मधली विहीर हनुमानाच्या देवळामागे. गाव क मध्ये मुलींचे पाय अधिक वळलेले, कारण त्याच घरी राहून दिवसभर ते पाणी पितात. मी शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्या पानावर आले, तळटिपा वाचल्या, तक्ते वाचले, आभार वाचले. सावळधरा हे नाव कुठेही नव्हतं. कुठल्याच गावाचं नाव नव्हतं.

"काय झालं, ताई?" दिलीपभाऊंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "इतके दिवस कुलूप तोडत होते. आत पेटी रिकामी आहे."

तरी मी तो कागद घेऊन देशकरांकडे गेले. त्यांनी खरोखर सगळा वाचला, बोबडे सरांचा अंदाज साफ चुकला.

"अभ्यास उत्तम आहे, मॅडम. पण गाव क म्हणजे सावळधरा, हे कशावरून?"

"साहेब, विहीर हनुमानाच्या देवळामागे आहे. आमचीही तशीच आहे."

"या भागात हनुमानाच्या देवळामागे विहिरी किती आहेत ते तुम्हालाही माहीत आहे. उद्या दुसऱ्या गावचा सरपंच हाच कागद घेऊन आला आणि म्हणाला, आम्हीच क, तर मी काय करू?"

ते चुकीचं बोलत नव्हते, आणि मला त्याचाच जास्त राग आला. त्यांनी कागद परत देताना, यादी सोमवारी वर जाईल, असं हळूच सांगितलं. मी जिना उतरले ती थेट कॅफेत, आणि शांताबाईंना दुसरं पत्र लिहिलं. या वेळी राग काढायच्या भानगडीत पडले नाही. नावच टाकायचं नव्हतं तर आमच्या गावात आलात कशाला, मुलींचे पाय मोजलेत कशाला, असं सगळं लिहिलं.

त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ते मी छापून घेतलं आणि घरी नेलं. आत्या ओसरीवर तूर पाखडत बसली होती आणि समू तिच्या पाठीला रेलून तिची वेणी सोडत होती. मी पत्र मराठी करून वाचून दाखवलं, ओरडतच.

'नावं आम्ही घातली होती, छापायच्या आधी काढली. चारपैकी एका गावचे पोलीस पाटील आमचा मुक्काम शोधत आले. हात जोडून म्हणाले, पाण्याचं खुशाल लिहा, गावाचं नाव लिहू नका. आमच्या गावच्या मुली उजवायच्या आहेत, हे छापून आलं तर आमच्या दारात कुणी उभं राहणार नाही. आम्ही त्यांना शब्द दिला आणि चारही गावांची नावं काढली. ते कुठल्या गावचे होते ते आज मला आठवत नाही. यादी संस्थेत होती, ती जुनी इमारत पाडताना गेली. अंदाजानं सही करून देणं मला जमणार नाही. मला क्षमा करा.'

आत्याचे हात सुपावर थांबले. "पोलीस पाटील?"

आमचे आजोबा त्या काळी सावळधऱ्याचे पोलीस पाटील होते. मलाही तेच सुचलं होतं, पण उच्चारायचं धाडस होत नव्हतं.

"बाबाच," आत्या म्हणाली. "दुसरं कोन? बाबा त्या साली बस धरून गेला होता, रातभर घरी नव्हता. माय म्हने, साहेबाले भेटाले गेला. आल्यावर मले जवळ बसोलं अन् म्हने, गिरजे, आता फिकर नाई. तुह्यं लगन मी असं थाटात करतो, का पाचा गावचे लोक पाह्यतीन."

मग आत्या हसायला लागली. "पाय वं जोस्ने! माह्यं लगन व्हाव म्हनून बाबानं गाव लपोलं. लगनही नाई झालं, अन् पानीही नाई आलं."

हसता हसताच तिनं सूप बाजूला सारलं आणि पदर तोंडाला लावला. आत्या रडलेली मी तोवर पाहिली नव्हती. पाहुणे निरोप न देता जायचे तेव्हाही ती भांडी घासता घासता त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायची. मला भडभडून आलं, आणि संतापही आला. आजोबांचा, शांताबाईंचा, त्या कुलपाचा, देशकरांचा. सगळ्यांनी आपापल्या परीनं आमचं भलंच केलं होतं.

"फोटू हाय का वं त्यात?" आत्यानं डोळे पुसत विचारलं. "काढले तं होते."

"आहे एक. पण नीट छापून आलेला नाही."

ती हात पुढे करून बसून राहिली, तेव्हा मी ते पान काढून दिलं. काळा-पांढरा फोटो. मांडीपासून पावलांपर्यंतचे दोन पाय, गुडघ्याशी चिकटलेले, शेजारी उभी धरलेली मोजपट्टी. वरचं सगळं कापून टाकलेलं. आत्यानं कागद उजेडाकडे केला, जवळ आणला, लांब नेला.

"हे माह्ये पाय व्हय," ती म्हणाली.

"आत्या, ते कुणाचेही असतील. सगळ्याच पोरींचे तसे होते."

तिनं पातळ गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि डावा पाय माझ्यापुढे केला. गुडघ्याखाली तीन गोल काळपट डाग होते, दोन अगदी जवळ आणि तिसरा बाजूला घसरल्यासारखा.

"बिब्ब्याचे. पाय सरळ व्हाव म्हनून वैदूनं देल्ले होते. दोन देल्ले, अन् तिसऱ्याच्या टायमाले म्या पाय वढला. म्हनून तो तिकडं गेला."

मी तिच्या हातून कागद ओढूनच घेतला. फोटोतल्या डाव्या पायावर तीन ठिपके होते. दोन जवळ, एक बाजूला. मी ते प्रिंटरच्या शाईचे डाग समजले होते. फोटोखालची ओळही मी कितीदा तरी वाचलेली होती: गाव क मधील बारा वर्षांची मुलगी, गुडघ्याखाली गावठी उपचाराच्या खुणा. पण मी गाव शोधत होते. मुलीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"सोमवारी मले घेऊन चाल," आत्या म्हणाली.

"तू कशाला? मी तुझ्या पायाचा फोटो काढून नेते. तिथं चार पुरुष बसलेले असतात, आत्या."

"फोटू काढूनच तं हे असं झालं. मी येतो."

सोमवारी दादानं तिला मोटरसायकलवर आणलं. कचेरीचा जिना ती एकेक पायरी करत, कठडा धरून, मध्येच थांबत चढली. मी हात दिला तर तिनं झटकला. देशकरांच्या टेबलासमोर दोन ठेकेदार बसले होते, बाजूला कचेरीतला कारकून. देशकर तिला बसा म्हणाले, पण ती बसली नाही. तिनं काठी माझ्याकडे दिली, तो कागद टेबलावर उलगडला, एका हातानं टेबलाची कड धरली आणि दुसऱ्या हातानं पातळ गुडघ्यावर घेतलं.

"अहो बाई, हे काय—" देशकर अर्धवट उठले.

"साहेब, लाजू नका. मीच नाई लाजून रायली. अगुदर फोटू पाहा, मंग हे पाहा. दोन जवळ, एक बाजूले."

एक ठेकेदार उठून बाहेर गेला. दुसऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलं. देशकरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी चष्मा लावला, कागद पाहिला, पाय पाहिला, पुन्हा कागद पाहिला. मग फोटोखालची ओळ पुटपुटत वाचली. "बारा वर्षांची मुलगी."

"तवा बाराची होतो. आता पस्तीसची."

"त्या वेळी तुम्ही सावळधऱ्यालाच होता? मामाच्या गावी वगैरे राहायला नव्हता? मला विचारावं लागतं, बाई."

"या पायानं कुठं जाईन, साहेब?"

देशकर खाली बसले. मग ते कारकुनाला म्हणाले, "बाईंचा जबाब घ्या. डॉक्टरांचा दाखला मागवून सोबत जोडू. यादी संध्याकाळी जाईल, तोवर थांबवा."

पुढचं सांगायचं तर यादीत नाव गेलं. नळ यायला मात्र आणखी दोन उन्हाळे लागले, आणि तोवर दादाचे कॅन सुटले नाहीत. समूचे पाय अगदी रेषेसारखे झाले नाहीत, पण ती धावते, आणि आता पडत नाही. शांताबाईंना मी सगळं कळवलं. त्यांनी विचारलं, त्या मुलीला माझी आठवण आहे का? मी आत्याला विचारून उत्तर लिहिलं: बिस्किटाची आहे.

पण ते नंतरचं. त्या दिवशी कारकुनानं कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "बाई, नाव सांगा."

"नाव मंग," आत्या म्हणाली. "अगुदर गाव लिहा."

कारकुनानं देशकरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तो लिहू लागला. उलट्या बाजूनं आत्याला ते अक्षर लागत नव्हतं, त्यामुळे ती त्याच्या हाताकडेच बघत होती. पातळ अजून गुडघ्यावरच होतं, आणि टेबलाची कड तिनं सोडली नव्हती.

"जोस्ने," ती म्हणाली, "लिहिलं का?"

मी टेबलावर वाकले आणि उलट्या बाजूनं वाचलं. मु. सावळधरा. शाई अजून ओली होती.

"लिहिलं, आत्या."

तेव्हा तिनं पातळ खाली सोडलं, आणि खुर्ची ओढून बसली.